वादळाआधीचे दोन दिवस

३ जून २०२०, बुधवार. कुवेतमध्ये कोरोनामुळे संध्याकाळी सहा ते सकाळी सहा संचारबंदी होती आणि नेहमीची विमाने मार्चच्या मध्यापासून बंद होती. सकाळी साडेनऊला, म्हणजे गावी दुपारचे बारा वाजले असताना, आईचा फोन आला. आमचे घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आई म्हणाली, "अरे, पोफळी जमिनीला टेकतायत. बाबा काही ऐकत नाहीत, ओटीवरच बसलेत. म्हणतात, समुद्राने आजवर आपल्याला काय केलंय?" मी म्हटले, "बाबांना फोन दे." आणि फोन बंद पडला.

त्यानंतर चार दिवस घरची काही खबर नव्हती. 'निसर्ग' चक्रीवादळ त्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. विजेचे खांब पडले, मोबाईलचे मनोरे बंद पडले, रस्त्यांवर झाडे आडवी झाली. पाचव्या दिवशी शेजारचा मुलगा डोंगरावर रेंज शोधत गेला आणि तिथून त्याने मला कळवले, "दोघं ठीक आहेत. माजघरात बसून होते. कौलं गेली, वाडी झोपली."

त्या चार दिवसांत मी एकच गोष्ट केली. एक्स्चेंजमधून पैसे पाठवले. ते पैसे गावात कोणाच्या उपयोगी पडले नाहीत, कारण बँकेत वीज नव्हती आणि एटीएम बंद होते. परदेशातल्या मुलाला पैसे पाठवले की कर्तव्य झाल्यासारखे वाटते. पण वादळानंतरच्या पहिल्या आठवड्यात उपयोगी पडते ते फक्त आधी करून ठेवलेले. या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच. माझ्या चुका सांगतो, म्हणजे त्या आपल्याला करायला नकोत.

इशारा किती आधी मिळतो?

आपण कुवेतमध्ये राहतो तिथे चक्रीवादळाची भीती जवळजवळ नाही. नोव्हेंबर २०१८ च्या पावसात रस्ते पाण्याखाली गेले आणि विमानतळही बंद ठेवावा लागला, पण ते चक्रीवादळ नव्हते. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ओमानने २००७ च्या जूनमध्ये 'गोनू' आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये 'शाहीन' पाहिले. कोकणाने नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान', २०२० मध्ये 'निसर्ग' आणि २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' अनुभवले. या समुद्रात वादळांचे हंगाम दोन: मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर.

भारतीय हवामान खाते टप्प्याटप्प्याने इशारे देते. पहिली सूचना साधारण ७२ तास आधी, दुसरा पिवळा इशारा ४८ तास आधी, तिसरा नारिंगी २४ तास आधी आणि शेवटी लाल. 'निसर्ग'चा कमी दाबाचा पट्टा १ जूनला तीव्र झाला, २ तारखेला त्याला नाव मिळाले आणि ३ तारखेला ते किनाऱ्यावर आले. म्हणजे हाती दोन दिवस. एवढ्या वेळात दारे-खिडक्या बांधता येतात, होड्या वर ओढता येतात, पाणी भरता येते. विमा काढणे, वारस नोंद करणे किंवा म्हाताऱ्या बाबांचे मन वळवणे एवढ्यात होत नाही. ती कामे सुट्टीतली.

औषधाचा डबा

आईला मधुमेह आहे. तिचे इन्शुलिन फ्रिजमध्ये होते आणि आमच्या वाडीत वीज यायला महिना लागला. आता आमच्या घरी एका घट्ट झाकणाच्या डब्यात दोघांची महिनाभराची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या असतात. वापरात असलेले इन्शुलिन साधारण चार आठवडे सावलीत, ३० अंशांखाली टिकते. न उघडलेल्या कुपीसाठी माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेले भांडे अडचणीच्या वेळी कामी येते, मात्र औषध त्यात भिजू देऊ नये. आपले इन्शुलिन कोणत्या प्रकारचे आहे आणि किती दिवस टिकेल, हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवावे.

विहिरीचा पंप विजेवर चालतो. म्हणून पिण्याचे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवावे, नंतरचे पाणी उकळूनच प्यावे. वारा एकदम पडला तर वादळ संपले असे समजू नये. तो वादळाचा डोळा असू शकतो, आणि थोड्या वेळाने उलट दिशेने तेवढाच वारा येतो. बरेच अपघात तर वादळ गेल्यावर होतात. तुटलेल्या तारा, पत्र्याने झालेल्या जखमा, ओल्या छपरावरून पाय घसरणे, पाल्यापाचोळ्यातले साप. सत्तरीच्या माणसाने कौले चढवायला वर जाऊ नये, हे फोनवर दटावून सांगावे. जखम झाली तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आला तर लेप्टोची शंका धरून लगेच दवाखाना गाठावा.

कागदांची पिशवी

ज्यांनी कुवेतमध्ये १९९० चा ऑगस्ट पाहिला, त्यांना या पिशवीचे महत्त्व सांगायला नको. अम्मानमार्गे सुमारे १ लाख ७० हजार भारतीय मायदेशी परतले. अशा वेळी घरदार मागे राहते, बरोबर येते ती पिशवी.

'निसर्ग'नंतर सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत जाहीर केली. पंचनामा झाला तेव्हा आमचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर होता. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि वारस चार घरांत विखुरलेले होते. मदत अडकली. त्यात दोष कोणाचाच नव्हता, आमच्याच आळसाचा होता. तेव्हा पुढच्या सुट्टीत ही कामे कराच:

१. वारस नोंद. तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे अर्ज करून सातबारा आणि आठ-अ पाहून घ्या.

२. मुखत्यारपत्र. इथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून पाठवलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिथे मुद्रांकित करून घ्यावे लागते. हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

३. छायाचित्रे. घराची, छपराची, वाडीतल्या झाडांची, तारखेसह. एक संच गावी, एक इथे.

४. आई-वडिलांचे आधार कार्ड, पासबुक आणि विम्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्यांच्या प्रती आपल्याकडे.

पैसा

घरात महिनाभर पुरेल एवढी रोख रक्कम सुट्या नोटांत असावी. एरवी आपण उलट सल्ला देतो, पण किनाऱ्यावरच्या घरासाठी हा अपवाद करावा.

आमच्या घराचा विमा नव्हता. १ एप्रिल २०२१ पासून भारतात 'भारत गृह रक्षा' ही घरविम्याची प्रमाणित पॉलिसी मिळते. तिच्यात वादळ, पूर आणि भूकंप येतात. बांधकामाबरोबर घरातल्या सामानालाही बांधकामाच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, संरक्षण मिळते. घर कौलारू किंवा मातीच्या भिंतींचे असेल, वर्षातले बरेच महिने बंद राहत असेल, तर अर्जात तसे स्पष्ट लिहा, नाहीतर पुढे दाव्याच्या वेळी वाद होतो. नारळी-पोफळीची झाडे या पॉलिसीत येत नाहीत. नवी पोफळ फळाला यायला पाच-सहा वर्षे लागतात, तेव्हा वाडीवर चरितार्थ असणाऱ्यांनी काही रक्कम वेगळी ठेवावी.

ठरवलेला माणूस

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपण तीन हजार किलोमीटरवर आहोत. आई-बाबांचा हात धरून त्यांना बाहेर काढणारा माणूस गावातलाच हवा, आणि त्याला तसे आधी सांगितलेले हवे. आम्ही २०२० च्या पावसाळ्यानंतर माझ्या चुलतभावाशी बोललो. त्याचे घर स्लॅबचे आणि जरा उंचावर आहे. ठरले असे की नारिंगी इशारा आला की चर्चा नाही, आई-बाबांनी त्याच्याकडे जायचे. बाबांनी हे शांत दिवसांत कबूल केले. वारा सुटल्यावर ते कधीच कबूल झाले नसते.

१६ मे २०२१ ला 'तौक्ते' कोकणाच्या समोरून उत्तरेकडे सरकत होते. परदेशी लोकांना कुवेतमध्ये प्रवेश तेव्हाही बंद होता. मी गावी गेलो असतो तर परतीची वाट नव्हती. धडधडत्या छातीने फोन लावला. बाबांनीच उचलला. मागे चुलतभावाच्या मुलांचा गोंगाट ऐकू येत होता. म्हणाले, "आलोय रे इथे. पिशवी आणलीय, डबा आणलाय. तू कामावर जा."

दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्यात आमची काही कौले पुन्हा गेली. पण या वेळी फोन बंद पडला तेव्हा मला ठाऊक होते की ती दोघे कुठे आहेत.

सुट्टीची तिकिटे काढताना सामानाच्या यादीत या चार गोष्टी लिहा: डबा, पिशवी, रोख, माणूस. आणि गावी गेल्यावर एक संध्याकाळ या बोलण्यासाठी राखून ठेवा.