पिकाचं निदान करता, मनाचं कधी?



कपाशीची पानं लाल पडली की तुम्ही मला बांधावर बोलावता आणि मी दरवर्षी तेच सांगतो. पान लाल दिसलं म्हणून लगेच पंप पाठीवर घेऊ नका. लाल्या मॅग्नेशियमच्या कमतरतेने येतो, नत्र कमी पडल्याने येतो, तुडतुड्यांमुळे येतो. पाणी साचून मुळं गुदमरली किंवा रात्री एकदम थंडी पडली तरी पान लालच होतं. लक्षण एक, कारणं अनेक. कारण कळल्याशिवाय फवारलं तर पैसाही जातो आणि पीकही. दुकानदाराने दिलं ते मारलं, असं करू नका, हे मी चावडीवर घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलो.

आज पिकाबद्दल लिहायचं नाही. स्वतःच्या मनाबाबत मी नेमकी तीच चूक केली. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून हे लिहितो.

कधी वर, कधी खाली

काही वर्षांपूर्वी ऐन खरिपात हे सुरू झालं. रात्रीची झोप जेमतेम तीन तास, तरी थकवा नाही. डोक्यात योजनांची रांग. अर्ध्या एकरावर शेडनेट टाकायचं ठरवून उसनवारी केली. रात्री अकरा वाजता शेतकऱ्यांना फोन लावून ठिबकचे हिशेब सांगत बसलो. लोक म्हणाले, साहेब यंदा जोरात आहेत. मलाही ते बरंच वाटलं.

आठवडाभराने सगळं उतरलं. पुढचे तीन आठवडे अंथरुणातून उठवेना, भाकरी घशाखाली उतरेना, फोन वाजला की छाती धडधडायची. मग काही दिवस ठीक, मग पुन्हा वर. आपलं काय चाललंय, माझं मलाच कळेना. बायको म्हणायची, "अहो, घरात दोन वेगळी माणसं राहतात असं वाटतं."

त्यात दुसरी अडचण. मला लहानपणापासून चारचौघांची भीती. हसू नका. पन्नास माणसांना उगवणक्षमतेची चाचणी समजावणारा हा माणूस सभेच्या आदल्या रात्री झोपत नाही, हे तुम्हाला कुठं माहीत? पिकाबद्दल कसंबसं बोलता येतं, स्वतःबद्दल तोंडच उघडत नाही. म्हणून डॉक्टरकडे न जाता ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणल्या. दोन रात्री झोप लागली. मूळ दुखणं जागच्या जागी राहिलं.

रांगेतून परत

शेवटी एकदा जिल्हा रुग्णालयात गेलो. मनोविकार विभागाची पाटी दिसली आणि पाय थांबले. बाकावर माझ्याच सजेतल्या गावचा एक शेतकरी बसलेला. "साहेब, तुम्ही इकडं कुठं?" "पाहुणा ॲडमिट आहे," असं ठोकून दिलं आणि तडक एसटी स्टँड गाठला. त्यानंतर चार महिने त्या बाजूला फिरकलो नाही.

त्या चार महिन्यांत एका रात्री मन इतकं खाली गेलं की जगणंच नको वाटलं. ते बायकोला सांगून टाकलं, एवढंच शहाणपण त्या रात्री सुचलं. सकाळच्या पहिल्या गाडीने ती मला घेऊन निघाली.

बाकावर तोच शेतकरी! महिन्याची औषधं न्यायला आला होता. त्याने काही विचारलं नाही. थोडा सरकला आणि म्हणाला, "बसा साहेब. लवकर आलात ते बरं, दहानंतर गर्दी होते." नंतर ओळख वाढली तेव्हा कळलं, पहिल्या दिवशी मी गावात बोलेन म्हणून तोही घाबरला होता.

वरचे दिवसही सांगा

डॉक्टरांपुढे माझं तोंड कोरडं पडलं. उदास वाटतं, एवढंच बोललो. त्यांनी विचारलं, "झोप न घेताही जोर वाटतो, खर्च वाढतो, बोलणं वाढतं, असे दिवस येतात का?" मी गप्प. ते तर माझे चांगले दिवस, त्यांचा आजाराशी काय संबंध? शेडनेटची गोष्ट बायकोने सांगितली.

बंधूंनो, या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. माणूस डॉक्टरकडे जातो तो मन खाली असताना, आणि तेवढंच सांगतो. पण ज्याला वरचेही दिवस येतात त्याला नुसती उदासीनतेची गोळी दिली तर मन आणखी वर उसळू शकतं. दोन्ही बाजू कळल्या तरच निदान नीट होतं.

डॉक्टरांनी घाई केली नाही. थायरॉईडची रक्ततपासणी करून घेतली, कारण त्यातल्या बिघाडानेही मन असंच हलतं. दारू, घरातले पूर्वीचे आजार, सगळं विचारलं आणि रोजची वही ठेवायला सांगितली. पर्जन्यमापकाची नोंद आपण रोज सकाळी साडेआठला घेतो, तशीच ही. तारीख, झोप किती तास, मनाला दहापैकी किती गुण, खर्च काय, भांडण झालं का. पाच ओळी. पुढच्या वेळी बोलावं लागलं नाही, वहीच पुढे केली. तिसऱ्या भेटीत आजाराचं नाव कळलं, द्विध्रुवी विकार. चारचौघांची भीती हे वेगळं दुखणं निघालं. त्यावर समुपदेशन आणि थोडा थोडा सराव.

तुम्ही काय करावं?

भाव पडला, पाऊस दडला, तर मन खट्टू होणारच. तो आजार नव्हे. पण दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, किंवा चार-पाच दिवस झोपेविना अंगात नको इतका जोर येत असेल, तर दाखवा. बाळंतपणानंतर अशी लक्षणं दिसली तर भगिनींनी ती लपवू नयेत.

बोलायची भीती वाटत असेल तर कागदावर लिहून न्या. सोबत घरचं एक माणूस न्या. तोंड दाखवायचीही लाज वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

उदासीनतेच्या गोळीला गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून कोणतीही गोळी मनाने बंद करू नका. लिथियम चालू असेल तर ठरल्या वेळी रक्त तपासा, उन्हात काम करताना भरपूर पाणी प्या आणि दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि जगणं नको असा विचार आला, तर वही वगैरे काही नको. त्याच दिवशी दवाखाना. तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या.

सरपंच, पोलीस पाटील, भाऊसाहेब यांना विनंती

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा. मानसिक उपचाराची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे, असं त्यात कलम २३ सांगतं. कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं. म्हणजे त्याला केसची भीती घालायची नाही, दवाखान्यात न्यायचं. ग्रामपंचायतीच्या फलकावर १४४१६ हा नंबर लिहा. आणि कोण कोणत्या रांगेत दिसला, याची चर्चा पारावर होऊ देऊ नका.

माझं म्हणाल तर गोळी चालू आहे, वही चालू आहे. शेडनेटची उसनवारी अजून थोडी फिटायची आहे. ग्रामसभेत उभं राहिलं की आजही तोंड कोरडं पडतं, पण आता पाण्याची बाटली जवळ ठेवतो आणि बोलतो. त्या बाकावर कधी भेट झालीच तर संकोच करू नका. मी सरकून जागा देईन.