फियाट वाळवायची म्हणजे

कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा लालबहादूर शास्त्री मार्ग हा एके काळी आडवा पसरलेला मोटारीचा कारखानाच होता म्हणायला हरकत नाही. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट बनायची, भांडुपला सीएटचे टायर बनायचे आणि तिथेच एशियन पेंट्सचा रंगही. यातली दोन नावं थेट इटलीतल्या तुरीन शहरातून आली आहेत. फियाटच्या नावातलं शेवटचं अक्षर तुरीनचं, सीएटमधलंही तुरीनचंच. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर काढली आणि सीएट भारतात आली 1958 मध्ये. 1964 पासून इथे 'फियाट 1100 डिलाइट' निघू लागली. पुढे तिची 'प्रेसिडेंट' झाली, 1974 मध्ये 'पद्मिनी' झाली, आणि साधारण 2000-01 पर्यंत ती बनत राहिली. लोकांनी मात्र या सगळ्या बारशांकडे दुर्लक्ष केलं. त्यांच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च.

ही गाडी आखणाऱ्या तुरीनच्या इंजिनिअरांच्या डोळ्यांसमोर भांडुपचा जुलै असण्याची शक्यता कमीच.

भांडुपची बसण तशी सरळ आहे. पश्चिमेला डोंगर आणि त्यामागे विहार-तुळशीचं जंगल, मध्ये शास्त्री मार्ग आणि रेल्वेचे रूळ, पूर्वेला महामार्ग, त्यापलीकडे मिठागरं आणि ठाण्याची खाडी. डोंगरावरून आलेलं पाणी खाडीकडे निघतं. वाटेत रुळांचा बांध लागतो आणि खाडीला भरती असली तर पुढेही दार बंद. मग ते वस्तीत थांबतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांतल्या हजारो गाड्या बुडाल्या. विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलपं जागीच अडकल्याने गाडीत गुदमरून माणसंही गेली. 18 जुलै 2021 ला तर भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातच पावसाचं पाणी शिरलं. तिथली वीजयंत्रणा बंद ठेवावी लागली, बहुतेक मुंबईचा पाणीपुरवठा कोलमडला आणि लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं गेलं. शहराचं पाणी गाळणारी यंत्रणाच पाण्याने बंद पडते, तिथे सोसायटीच्या तळाशी उभ्या असलेल्या जुन्या फियाटची काय कथा.

पाणी ओसरल्यावर मालकाला पहिली अनावर इच्छा होते ती सेल्फ मारून बघण्याची. गाडी नेमकी तिथेच मरते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर पाणी असताना पिस्टन वर आला की त्याला जागा मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरात बुडालेल्या गाड्यांचं इंजिन पाण्याने जितकं बिघडतं, त्याहून जास्त ते या घाईने बिघडतं. म्हणून जाणता मेकॅनिक फोनवरच दोन गोष्टी सांगतो: चावीला हात लावू नका आणि बॅटरीची वायर काढा. मग गाडी न्यूट्रलला टाकायची आणि ढकलत किंवा टोचन करून न्यायची. हँडब्रेकही ओढायचा नाही. ओले ब्रेक शू दोन दिवसांत ड्रमला चिकटतात, पद्मिनीला तर चारही चाकांना ड्रमच. चाकाखाली वीट लावली की भागतं.

दुसरी पायरी ऐकून मालक हमखास दचकतो. भिजलेली गाडी आणखी भिजवायची, म्हणजे गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायची. पाणी नुसतं डोंगराकडून आलेलं असेल तर त्यात चिखल आणि गटार असतं. भरतीने ते मागे सारलेलं असेल, विशेषतः रुळांच्या पूर्वेला, तर त्यात खाडीचं मीठही असतं. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते त्यातल्या मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे. तेच क्षार पत्र्याच्या खाचेत बसले की वरून कोरडी ठणठणीत दिसणारी जागा आतून ओलीच राहते, कारण मीठ हवेतून ओल ओढत राहतं. असं मीठ वाळवून जात नाही. ते धुऊनच काढावं लागतं आणि तेही ओलं आहे तोवर.

मग गाडी सोलायची. सीट काढायची, पायातली मॅट, तिच्याखालचा नमदा आणि दारांच्या आतली पुठ्ठ्याची पॅनेलंही. या पुठ्ठ्यावर पाणी किती चढलं होतं त्याची रेघ उमटलेली असते. पुढचं सगळं काम त्या रेघेवर ठरतं. रेघ सीटच्या खाली असेल तर इंजिनाची चिंता कमी. डॅशबोर्डला लागली असेल तर वायरिंगसकट सगळं उघडणं आलं. नमदा वाचवण्याच्या भानगडीत शहाणा माणूस पडत नाही. तो पाणी धरून बसतो, दोन दिवसांत बुरशी धरतो आणि त्याचा कुबट वास पुढची दिवाळी आली तरी जात नाही. रेक्झिन पुसून वापरता येतं. त्याखाली काथ्या असेल तर तो मात्र टाकायचा. तळाच्या पत्र्यात रबरी बुचं असतात, ती उपटायची. अनेक मालकांना ही बुचं आहेत हेच पुरानंतर कळतं.

इंजिनचं काम त्या मानाने सरळ आहे. प्लग काढायचे आणि इंजिन हाताने फिरवायचं. भोकांतून पाण्याची पिचकारी उडाली तर ठीक, फिरलंच नाही तर मामला गंभीर. पाणी निघालं की प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा फिरवायचं. चेंबरमधलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय. चेंबरचा बोल्ट हळूच सैल केला की आधी पाणी येतं, कारण ते जड. ऑइल एकदा बदलून भागत नाही. नवं घालून थोडा वेळ इंजिन चालवायचं, तेही काढायचं आणि पुन्हा घालायचं. पेट्रोलच्या टाकीतही पाणी तळाशी बसतं आणि कार्बोरेटरच्या वाटीत उतरतं.

गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलकडे दुर्लक्ष होतं. चालून तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सील-व्हेंटमधून पाणी आत ओढून घेते. वरून काही दिसत नाही, सहा महिन्यांनी बेअरिंग घुमायला लागतं. ब्रेक ऑइल तर मुळातच पाणी शोषणारं, ते सरसकट बदलायचं.

या जुन्या गाडीचं एक भाग्य आहे. आजच्या गाडीत कॉम्प्युटरचा डबा भिजला की तो बहुधा बदलावाच लागतो आणि बिल पाहून विमा कंपनी गाडीच 'टोटल लॉस' ठरवते. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाला ठिणगी देतात डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि पॉइंट. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, कापडाने पुसायची, पॉइंट घासायचे, वाळवायचं, की झालं. डायनमो आणि सेल्फ मोटर खोलून वाइंडिंग बल्बखाली शेकवता येतं. इथे डब्ल्यूडी-40 चा फवारा फार चालतो. अमेरिकेत 1953 मध्ये पाणी हटवण्याचं चाळिसावं मिश्रण जमलं, म्हणून हे नाव, आणि सुरुवातीला ते ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरलं गेलं. पण ते पाणी हटवतं आणि स्वतःही उडून जातं. त्यावर पुन्हा तेल किंवा ग्रीस लागतंच. नुसता फवारा मारून निश्चिंत होणारे मालक महिन्याभराने परत येतात.

खरी लढाई पत्र्याची. फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. दारांखालचे पोकळ सिल, खांब, चाकांच्या कमानी हाच तिचा सांगाडा. याच पोकळ्यांत पाणी जातं आणि तिथे ना हात पोहोचतो, ना ऊन. ऊन तर तसंही नसतं. मुंबईचा जुलै म्हणजे 27 अंश आणि 90 टक्के आर्द्रता. आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड भराभर गंजतं. म्हणजे काचा उघड्या टाकून गाडी 'वाळत ठेवली', तर ती गंजत ठेवली असं होतं. पंखा लावला तरी तो तीच ओली हवा फिरवतो.

उपाय हवेतच आहे. ही 27 अंशांची हवा 37 पर्यंत तापवली तर तिची आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास उतरते, कारण गरम हवेत बाष्प जास्त मावतं. म्हणून गॅरेजमध्ये हॅलोजनचे दिवे, ब्लोअर आणि पंखा एकत्र लावतात. पंख्याचं तोंड असं ठेवतात की ओलावलेली गरम हवा बाहेर पडेल. ती आतच राहिली तर रात्री थंड होऊन पुन्हा पत्र्यावर थेंब धरते. बंद खोली असेल तर डीह्युमिडिफायर सगळ्यांत उत्तम. त्याच्या टाकीत रोज साचणारं पाणी मोजलं की वाळवण कुठवर आलं ते कळतं. टाकी आणि कार्बोरेटर उघडा असताना हॅलोजन जवळ नेणं म्हणजे मात्र पाण्यातून वाचलेली गाडी आगीत घालणं.

वाळल्यावर लेप. जुन्या गॅरेजची रीत म्हणजे जळकं ऑइल खालून फवारायचं. फुकटचं असल्याने ते लोकप्रिय आहे, पण त्यात आम्ल आणि काजळी असते, रबर फुगतं आणि पार्किंगची फरशी कायमची काळी होते. मेणयुक्त द्रव लांब नळीने सिलच्या पोकळीत सोडणं महाग पडतं, पण पत्रा खरा वाचतो त्यानेच. दुसरी चूक घाईची. आत ओल असताना वरून जाड काळं कोटिंग फासलं की ओल आत कोंडते आणि चकचकीत कातडीखाली पत्रा कुजतो. प्लास्टिकची ताडपत्री ओढून गाडी 'झाकणारे' हेच करतात. त्यापेक्षा सुती कव्हर आणि डोक्यावर छप्पर बरं. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायला छोटी भोकं ठेवलेली असतात. रंगवताना ती लांबीने बुजवलेली असली की दार म्हणजे बादली.

एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न योग्यच आहे. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला झाली होती आणि 20 वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. पण जुलै 2021 मध्ये, भांडुपचं संकुल बुडण्याच्या तीनच दिवस आधी, केंद्र सरकारने 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम जाहीर केला. नोंदणीला 20,000 रुपये, नूतनीकरणाला 5,000, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत. 1974 ची पहिली पद्मिनी 2024 मध्ये पन्नाशीला पोहोचली. म्हणजे कुजलेला पत्रा कापून भलतंच काही जोडण्यापेक्षा होता तो पत्रा वाचवणं आता कागदोपत्रीही मोलाचं झालंय.

काम पावसाळ्यात संपत नाही. गणपती उठले, ऑक्टोबरचं ऊन पडलं की गाडी पुन्हा जॅकवर चढते. बुचं निघतात, दारांच्या भोकांतून बारीक तार फिरते आणि मेकॅनिक स्क्रू-ड्रायव्हरची मूठ सिलवर ठोकत मागच्या चाकापासून पुढे सरकतो. पत्रा ठण वाजतो, पुन्हा ठण वाजतो, आणि एखाद्या जागी आवाज बसतो. तिथे तो खडूने गोल काढतो.