फ्रांकू, जुआंव
(१४ फेब्रुवारी १८५५–४ एप्रिल १९२९). पोर्तुगालमधील राजेशाहीच्या अखेरच्या काळातील एक मुत्सद्दी व पंतप्रधान. जन्म मध्य पोर्तुगालमधील आल्काइदे येथे. कोईंब्रा विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेऊन तो १८८४ मध्ये संसदेत निवडून आला. पुढे अर्थ, सार्वजनिक बांधकाम व गृह ही खाती त्याने सांभाळली. दोन राजनिष्ठ पक्ष आळीपाळीने सत्तेवर येण्याचा तेव्हा प्रघात होता. १९०१ मध्ये स्वपक्षाचा नेता हिंत्झ रिबेइरू याच्याशी बिनसल्यावर त्याने वेगळा गट काढला. मे १९०६ मध्ये पंतप्रधान होताना त्याने इंग्लंडच्या धर्तीवर संसदीय कारभाराची ग्वाही दिली. मात्र राजघराण्याला सरकारी तिजोरीतून आगाऊ रकमा दिल्या गेल्याची कबुली त्यानेच संसदेत दिली आणि प्रजासत्ताकवाद्यांच्या हाती आयते शस्त्र आले. मे १९०७ मध्ये संसद विसर्जित करून तो वटहुकुमांनी राज्य करू लागला. त्या रकमांचा निकालही ऑगस्टमध्ये वटहुकुमानेच लावणे ही त्याची घोडचूक होय. कारण रोष राजावरच ओढवला. २८ जानेवारी १९०८ रोजी उठावाचा बेत फसला. राजकीय आरोपींना वसाहतींत हद्दपार करण्याच्या हुकमावर राजाने ३१ जानेवारीस सही केली. दुसऱ्याच दिवशी लिस्बनमध्ये राजा पहिला कार्लूश व युवराज लुईश फिलीप यांची हत्या झाली. फ्रांकूला पद व देश दोन्ही सोडावे लागले. ऑक्टोबर १९१० मध्ये राजेशाहीही संपुष्टात आली.