फ्रीजवरचे स्टार आणि लाइटबिलातले युनिट

फ्रीज घ्यायला गेलं की दुकानदार हमखास सांगतो, ‘फाइव्ह स्टार आहे, लाइटबिलाची काळजी सोडा.’ काळजी सोडण्याआधी दारावरचं लेबल नीट वाचावं. वर्षाला किती युनिट वीज लागेल, याचा आकडा त्यावर छापलेला असतो. बिल ठरतं ते या आकड्यावर.

केंद्र सरकारच्या ‘ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी’नं ही स्टार पद्धत २००६ मध्ये आणली. स्टार देताना फ्रीजची क्षमता आणि प्रकार हिशेबात धरतात, त्यामुळे साडेतीनशे लिटरचा फाइव्ह स्टार फ्रीज १८० लिटरच्या थ्री स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. डायरेक्ट कूल आणि फ्रॉस्ट फ्री यांचे निकषही वेगळे. फ्रॉस्ट फ्रीमध्ये हवा खेळवायला पंखा आणि साचलेला बर्फ वितळवायला हीटर असतो. ती सोय विजेवरच चालते. शिवाय दर काही वर्षांनी निकष कडक होतात आणि जुन्या मॉडेलचे स्टार कमी होतात. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये घाई न करता लेबलवरची मुदत जरूर पाहावी.

फ्रीज मुळात करतो काय? आतली उष्णता उपसून स्वयंपाकघरात टाकतो. पाण्याची टाकी जितकी उंच, तितकी मोटरला वीज जास्त. तसंच इथंही आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक वाढला की कॉम्प्रेसरचे कष्ट वाढतात. फ्रीझर उणे १८ अंशांवर आणि स्वयंपाकघर ३० अंशांवर असेल, तर उष्मागतिकीच्या नियमानुसार एक युनिट विजेत जास्तीत जास्त ५.३ युनिट उष्णता बाहेर काढता येते. स्वयंपाकघर ४० अंशांवर गेलं की हीच मर्यादा ४.४ वर येते. खरा फ्रीज या मर्यादेच्या बराच खाली चालतो, पण कल तोच. तेवढीच उष्णता उपसायला एक पंचमांश वीज जादा लागते आणि त्याच वेळी भिंतींतून आत शिरणारी उष्णताही वाढलेली असते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात फ्रीजला हा दुहेरी मार बसतो. म्हणून फ्रीज गॅसच्या शेगडीजवळ किंवा पश्चिमेच्या उन्हात ठेवू नये. अनेक नव्या फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. हा पत्रा हाताला गरम लागतो, तो बिघाड नव्हे. पण फ्रीज कोनाड्यात गच्च बसवला, तर ती उष्णता जाणार कुठं?

दार सारखं उघडू नका, असं घरोघरी बजावतात. ते बरोबरच आहे. पण बहुतेक उष्णता बंद दारानिशी, भिंतींतून आणि दाराच्या रबरातून शिरते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावं आणि ती ओढून पाहावी. सहज निसटली, तर रबर सैल झालंय. रबर बदलण्याचा खर्च नव्या फ्रीजपुढे किरकोळ असतो.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला मात्र माझा कौल आहे. साधा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण जोरानं चालतो, नाहीतर बंद असतो. इन्व्हर्टरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो आणि बराच वेळ तो संथ चालतो. त्यानं वीज वाचते, आवाजही कमी होतो.

आता पैशांचं. समजा, दोन फ्रीजमध्ये वर्षाला ८० युनिटांचा फरक आहे. महावितरणच्या बिलात वापर वाढेल तसा पुढच्या टप्प्याचा दर चढतो, म्हणून वाचलेले युनिट सर्वांत महागड्या टप्प्यातून वजा होतात. तो दर दहा रुपये धरला, तर वर्षाला आठशे, दहा वर्षांत आठ हजार रुपये. किमतीतला फरक याहून कमी असेल, तर महागडा फ्रीजच स्वस्त पडतो.

हा हिशेब आपल्याकडे एका जागी हमखास फसतो. नवा फ्रीज आला की जुना गॅलरीत जातो आणि थंड पाण्यासाठी चालूच राहतो. मग बिल कमी कसं होणार? तो काढायचाच, पण भंगारवाल्याला देऊ नये. पत्र्या-तांब्यासाठी नळी कापली की आतला गॅस हवेत जातो. अनेक जुन्या फ्रीजमध्ये आर-१३४ए असतो. हवामान तापवण्यात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट. शंभर ग्रॅम निसटला, तरी १४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. नव्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे, पण भरलेला असतो थोडासाच, आणि हवामानाला त्याचा उपद्रव नगण्य. जुना फ्रीज एक्स्चेंजमध्ये देताना तो नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे जाणार आहे का, हे दुकानात विचारून घ्यावं.