व्हाइट वाइन खरंच ‘हलकी’ असते का? मधुमेही रुग्णांसाठी माहिती

मुलाकडे किंवा मुलीकडे न्यूझीलंडला जाऊन आलेले रुग्ण बऱ्याचदा विचारतात, “डॉक्टर, तिकडची व्हाइट वाइन चालते ना? गोड नसते, अगदी हलकी असते.” गोड नसते, हे बरोबर. हलकी असते, हे मात्र चूक आहे. मधुमेहाची औषधे चालू असतील तर हा गैरसमज महागात पडू शकतो.

ही चव येते कुठून?

मार्लबरो हा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाचा समुद्रकाठचा प्रदेश. तिथली सॉव्हिन्यॉ ब्लाँ ही वाइन जगभर जाते. तिथे दिवसा भरपूर ऊन असते, पण समुद्रामुळे हवा फार तापत नाही आणि रात्री गार असतात. अशा हवेत द्राक्षे सावकाश पिकतात. साखर भरते, तरी आंबटपणा टिकून राहतो. हिरव्या सफरचंदातले मॅलिक आम्ल आणि चिंचेतले टार्टारिक आम्ल, हीच दोन मुख्य आम्ले या वाइनमध्येही असतात. त्यात ती थंडगार प्यायची पद्धत. त्यामुळे घशाला अल्कोहोल फारसे जाणवत नाही आणि सरबतासारखी भरभर प्यायली जाते.

द्राक्षातली बहुतेक साखर यीस्टने अल्कोहोलमध्ये बदललेली असते. म्हणून साखर लिटरमागे जेमतेम काही ग्रॅम उरते, पण अल्कोहोल साधारण १३ टक्के असते. १५० मिलीच्या एका ग्लासात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल झाले. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे एक ग्लास वाइन म्हणजे दीड पेग! न्यूझीलंडमध्ये १० ग्रॅमला एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ धरतात आणि बाटलीवर तो आकडा छापलेला असतो. ७५० मिलीच्या बाटलीवर साधारण ७.७ दिसेल. तो जरूर वाचा.

साखर वाढण्यापेक्षा घसरण्याची भीती

जेवणाच्या मधल्या वेळेत आणि रात्री झोपेत आपले यकृत रक्तात साखर सोडत असते. अल्कोहोल पोटात गेले की यकृत आधी त्याचा निचरा करायला लागते आणि नवी साखर तयार करण्याचे काम मंदावते. त्याच वेळी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आपला परिणाम करतच असते. जेवण कमी झाले असेल तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते, तीही लगेच नाही, काही तासांनी, मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी.

नातेवाइकांनी हे नीट लक्षात ठेवावे. घाम, थरथर, बडबड, तोल जाणे, पेंगणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे हुबेहूब ‘चढल्या’सारखी दिसतात. “झोपू दे, सकाळी उतरेल” असे म्हणून सोडून देऊ नका. बोटाला टोचून साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर वर आली की थोडे खायला द्या. यंत्र जवळ नसेल तरी साखर द्यायला थांबू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही न देता रुग्णवाहिका बोलवा : आपल्याकडे १०८, न्यूझीलंडमध्ये १११.

फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर सहसा अशी घसरत नाही. पण मेटफॉर्मिनवर भरपूर पिणे किंवा किडनी, यकृत बिघडलेले असताना पिणे यात रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो. तो क्वचित, पण गंभीर असतो.

आणखी काही

ॲसिडिटी असणाऱ्यांना या वाइनने जळजळ वाढू शकते. आम्लाने दातांचे आवरणही मऊ पडते, म्हणून लगेच ब्रश करू नये. वाइनमधल्या सल्फाइटमुळे दम्याच्या काही रुग्णांना धाप लागते. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर ते संपल्यावरही दोन दिवस दारू टाळावी. गरोदरपणात आणि यकृताच्या आजारात एक घोटही नको.

“मग किती चालेल?” हा प्रश्न येतोच. अल्कोहोलला कर्करोगकारक म्हणून १९८८ मध्येच पहिल्या गटात टाकले गेले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये कोणतेही प्रमाण सुरक्षित नसल्याचे सांगितले. त्यामुळे जे घेत नाहीत त्यांना ‘हृदयासाठी चांगली’ म्हणून मी कधीच सुचवत नाही. जे घेणारच आहेत त्यांनी रिकाम्या पोटी घेऊ नये, एका लहान ग्लासावर थांबावे आणि झोपण्यापूर्वी साखर तपासावी. इन्सुलिनचा डोस मनाने बदलू नये, प्रवासाला निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.