किती टक्के? दिव्यांगांचे आरोग्यहक्क: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी व्हरांडा सकाळपासून भरून जातो. कुणी भिंतीला कुबड्या टेकवून बसलेले, कुणी आईच्या खांद्यावर झोपी गेलेले, कुणी कागदांची पिशवी छातीशी धरून उभे. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: किती टक्के मिळाले? आकडा हाती पडला की माणसे गावाकडे परततात. त्यांच्यातल्या कुणाला रक्तदाब असेल, कुणाची दाढ किडली असेल, कुणी बाळाची वाट पाहत असेल. त्यासाठी ही माणसे पुन्हा दवाखान्याची पायरी चढतात का, आणि चढली तर त्यांना कसे वागवले जाते, याचे उत्तर त्या आकड्यात नसते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांतले २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याला अनुसरून केलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आरोग्यसेवेबद्दल त्यात स्वतंत्र कलम आहे, तरीही दवाखान्यात, घरात आणि खुद्द दिव्यांगांच्या मनातही काही समज घट्ट बसलेले आहेत. ते एकेक करून तपासू.

गैरसमज १: दिव्यांगत्व डोळ्यांना दिसतेच.

वस्तुस्थिती: १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, नव्या कायद्यात एकवीस आहेत. अंधत्व, कर्णबधिरता, हातापायांचे दिव्यांगत्व यांच्या जोडीला आता स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्याने झालेल्या जखमा असे प्रकारही आहेत.

विदर्भात किंवा नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेल असलेले मूल चारचौघांसारखेच दिसते. पण रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे-सांधे असह्य दुखतात, आणि ‘शाळा बुडवायला सोंग करतो’ हे वर त्यालाच ऐकावे लागते. एक भेद मात्र ध्यानात ठेवायला हवा: आजार असलेला रुग्ण दिव्यांग ठरू शकतो, नुसता वाहक नव्हे. शिवाय सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल या रक्ताच्या तीन आजारांचा समावेश नाही. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतल्या पाच टक्के जागा आणि आरोग्यसेवेचे हक्क मात्र त्यांनाही आहेत.

गैरसमज २: चाळीस टक्क्यांच्या आत असलेल्याला कायद्याने काहीच मिळत नाही.

वस्तुस्थिती: हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे, आणि त्याने नुकसानही सर्वांत जास्त केले आहे. कायद्यात दोन वेगळ्या संज्ञा आहेत. ‘दिव्यांग व्यक्ती’ म्हणजे दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव असलेली आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे समाजात बरोबरीने वावरता न येणारी व्यक्ती. या व्याख्येत टक्केवारी कुठेही नाही. ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणजे चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक. नोकरी आणि शिक्षणातले आरक्षण या दुसऱ्या गटासाठी आहे.

भेदभावापासून संरक्षण आणि गरजेनुसार वाजवी सोय हे हक्क पहिल्या गटाला, म्हणजे सर्वच दिव्यांगांना आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेसाठी लेखनिक नाकारला होता, कारण तो लक्षणीय दिव्यांगत्वाच्या व्याख्येत बसत नव्हता. न्यायालयाने स्पष्ट केले की वाजवी सोय मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येत नाही. दवाखान्यालाही हेच लागू पडते. तीस टक्के श्रवणदोष असलेल्या आजोबांना औषधाच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देणे ही वाजवी सोयच आहे. त्यासाठी त्यांचे प्रमाणपत्र तपासायची गरज नाही.

प्रमाणपत्रातली टक्केवारी चुकीची वाटली तर त्याविरुद्ध अपील करण्याची तरतूद कायद्यात आहे. हे प्रमाणपत्र देशभर चालते.

गैरसमज ३: दिव्यांगत्व हाच त्याचा आजार, बाकीची दुखणी त्यातूनच आलेली.

वस्तुस्थिती: लहानपणी पोलिओ झालेली बाई पोटदुखीसाठी येते आणि तपासणीचा निम्मा वेळ पायाच्या चौकशीत जातो. बौद्धिक दिव्यांग मुलगा अचानक डोके आपटू लागतो आणि ‘अशी मुले करतातच’ म्हणून झोपेची गोळी मिळते. त्याचा कान ठणकत असेल, ही शंकाही कुणाला येत नाही. दिव्यांगत्वाची सावली पडली की तिच्याआडची दुसरी व्याधी दिसत नाही, आणि निदान लांबते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहांमागे एक, लक्षणीय दिव्यांगत्वासह जगतात. त्यांतल्या काहींचे आयुष्य इतरांपेक्षा वीस वर्षांपर्यंत कमी भरते. मधुमेह, दमा, पक्षाघात, नैराश्य आणि दातांचे विकार यांचा धोका त्यांना दुप्पट असतो. याला केवळ शरीर कारणीभूत नाही. न परवडणारा प्रवास, उशिरा होणारे निदान, न पोहोचणारी माहिती आणि डॉक्टरांचे पूर्वग्रह यांचा वाटा त्यात मोठा आहे, आणि या गोष्टी बदलता येतात.

गैरसमज ४: दारात रॅम्प बांधला की दवाखाना सुगम झाला.

वस्तुस्थिती: कायद्याचे कलम २५ सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांच्या ‘सर्व भागांत’ अडथळाविरहित प्रवेशाची जबाबदारी शासन आणि स्थानिक संस्थांवर टाकते. रॅम्पचेही गणित असते. एक फूट उंची चढायला किमान बारा फूट लांबी लागते. दोन पायऱ्यांवर ओतलेली सिमेंटची घसरगुंडी म्हणजे रॅम्प नव्हे; तिच्यावरून चाकाची खुर्ची मागे उलटते.

आत गेल्यावर पुढचे अडथळे सुरू होतात. तपासणीचे टेबल कमरेएवढे उंच. वजनकाट्यावर उभे राहता येत नाही, म्हणून वजनच होत नाही. मग औषधाची मात्रा अंदाजाने ठरते. शौचालयाचे दार खुर्चीच्या रुंदीपेक्षा अरुंद. नंबर फक्त पडद्यावर झळकतो, तो अंध रुग्णाला कळत नाही. फक्त पुकारला जातो, तो कर्णबधिराला ऐकू येत नाही. नंबर पुकारून पडद्यावरही दाखवायला फारसा खर्च येत नाही. भारतीय सांकेतिक भाषा जाणणारा दुभाषी नसेल तर बहिऱ्या बाईला आपले खासगी दुखणे दहा वर्षांच्या लेकराकडून डॉक्टरांना सांगावे लागते.

तपासणीत आणि उपचारांत प्राधान्य, हाही याच कलमातला हक्क. रांगेतले लोक कधी कुरकुरतात: ‘आम्ही काय रिकामे आहोत?’ त्यामागचे कारण समजून घेतले तर ही कुरकुर थांबेल. कण्याला दुखापत झालेला माणूस तासन्‌तास एका जागी बसला तर त्याच्या कातडीला जखम होते, आणि ती भरायला महिने लागतात. स्वमग्न मुलाला ओपीडीचा गोंगाट आणि झगझगीत दिवे सहन होत नाहीत. कौटुंबिक उत्पन्नाच्या ठरवून दिलेल्या मर्यादेत मोफत आणि घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, उपचार मिळावेत, हेही कलम २५ मध्येच म्हटले आहे.

सुगमतेचे नियम ऐच्छिक आहेत का? ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमावलीतली केवळ शिफारशींसारखी ठरलेली तरतूद कायद्याशी विसंगत ठरवली आणि बंधनकारक निकष आखण्यास केंद्र सरकारला सांगितले.

गैरसमज ५: बौद्धिक दिव्यांग मुलीचे गर्भाशय काढायचे की नाही, हे आईवडिलांनी ठरवावे.

वस्तुस्थिती: महाराष्ट्राने हा विषय जवळून पाहिला आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. मासिक पाळीतली स्वच्छता सांभाळता येत नाही, असे कारण दिले गेले. महिला संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि देशभर चर्चा झाली.

आज कायदा निःसंदिग्ध आहे. कलम १० नुसार कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारा उपचार तिच्या मुक्त आणि समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. दिव्यांग स्त्रीचा गर्भपात तिच्या स्पष्ट संमतीविना करणे हा कलम ९२ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड. तीव्र दिव्यांगत्व असेल तरच अपवाद, आणि तोही नोंदणीकृत डॉक्टरांचे मत आणि पालकाची संमती असेल तरच. २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुणीचा गर्भ ठेवण्याचा निर्णय मान्य केला. आई व्हायचे की नाही, हा तिच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत ठाऊक नसते. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. २०१६ च्या कायद्यातले ‘मर्यादित पालकत्व’ ही त्या व्यक्तीच्या सल्ल्याने आणि तिच्या इच्छेनुसार, विशिष्ट निर्णयापुरती आणि ठरावीक काळापुरती केलेली व्यवस्था असते.

आईवडिलांची काळजी खोटी नसते. आपल्या मागे लेकीवर कुणी हात टाकला तर, या धास्तीने ते डॉक्टरांकडे येतात. पण गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा एक पुरावा राहत नाही. चित्रे दाखवून, रोज थोडे थोडे शिकवून अनेक मुली पाळी सांभाळू शकतात. नकोसा स्पर्श ओळखून ‘नाही’ म्हणायलाही शिकतात. त्यांना खरे संरक्षण या शिकवणीतून मिळते.

गैरसमज ६: दिव्यांगांना आरोग्यविमा मिळत नाही.

वस्तुस्थिती: पूर्वी बहुतेकदा मिळत नसे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. डिसेंबर २०२२ मध्ये चाकाच्या खुर्चीवर असलेल्या एका नागरिकाच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने दिव्यांगांसाठी योजना आणण्यास सांगितले. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने आदर्श योजनेचा आराखडा दिला आणि तशी पॉलिसी उपलब्ध करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या चार प्रकारांसाठी ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. तेव्हा एजंट ‘होणार नाही’ म्हणाला तर नकार लेखी मागावा.

गैरसमज ७: दिव्यांग व्यक्ती रुग्ण असू शकते, डॉक्टर नाही.

वस्तुस्थिती: डॉ. सुरेश अडवाणी यांना वयाच्या आठव्या वर्षी पोलिओ झाला. मुंबईत ते वैद्यकीय शिक्षण घेऊन कर्करोगतज्ज्ञ झाले. चाकाच्या खुर्चीवरून काम करत त्यांनी १९८३ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

तरीही कालपरवापर्यंत केवळ टक्केवारी पाहून एमबीबीएसचे दार बंद होत असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते उघडले. वाचा आणि भाषेचे चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व आहे, एवढ्यावरून प्रवेश नाकारता येणार नाही. अभ्यासक्रम पूर्ण करण्याची क्षमता आहे का, हे वैद्यकीय मंडळाने तपासले पाहिजे, असा तो निकाल आहे.

हक्क डावलला गेला तर

स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून वैश्विक ओळखपत्र, म्हणजे युडीआयडी कार्ड काढून ठेवावे. दवाखान्यात सोय नाकारली तर तारीख, वेळ आणि काय घडले ते लिहून ठेवून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. चौकशीच्या कामी आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कायद्याचा भंग पहिल्यांदा झाला तर दहा हजारांपर्यंत, पुन्हा झाला तर पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड होऊ शकतो.

पण दवाखान्यातली रोजची वागणूक दंडाच्या भीतीने बदलत नाही. डॉक्टर, परिचारिका, केसपेपर काढणारे कर्मचारी आणि रांगेत मागे उभे असलेले आपण, सर्वांना एक विनंती. समोर दिव्यांग रुग्ण आला तर सोबतच्या माणसाकडे पाहून ‘याला काय होतंय?’ असे विचारू नका. रुग्णाच्या शेजारी बसा, त्याच्याकडे पाहा आणि त्यालाच विचारा, ‘काय होतंय तुम्हाला?’ उत्तर बोलून येईल, खुणांनी येईल, कदाचित सावकाश येईल. ते पूर्ण होईपर्यंत थांबा.