स्कुबा डायव्हिंगला जाताय? अंगातलं जॅकेट आधी समजून घ्या. विहिरीतली सवय समुद्रात नको!

मालवण : पावसाळा सरला की मालवण, तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगसाठी गर्दी सुरू होते. गावाकडची पोरंही सहलीला जाऊन पाण्याखालचे व्हिडिओ स्टेटसला ठेवतात. पण सिलिंडरसोबत अंगात जे जॅकेट घालतात ते काय काम करतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

हे लाइफ जॅकेट नव्हे

या जॅकेटला 'बीसीडी' म्हणतात. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधलेला डबा माणसाला फक्त तरंगवतो. बीसीडीतली हवा मात्र कमी-जास्त करता येते. हवा भरली की वर, सोडली की खाली. बेताची ठेवली तर माणूस मधेच स्थिर राहतो. डाव्या खांद्यावरून आलेल्या नळीला दोन बटणं असतात. एकाने सिलिंडरमधली हवा जॅकेटमध्ये येते, दुसऱ्याने बाहेर जाते. हवा सोडताना उभं राहून नळी डोक्याच्या वर धरायची, कारण हवा नेहमी वरच्या बाजूला जमते.

धोका वर येताना

१० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथली एक लिटर हवा वर येईपर्यंत दोन लिटर होते. त्यामुळे वर येताना जॅकेट आपोआप फुगतं आणि माणूस वेगाने वर खेचला जातो. म्हणूनच थोडी थोडी हवा सोडत सावकाश वर यायचं.

हेच फुफ्फुसातही घडतं. विहिरीत बुडी मारताना आपण श्वास रोखतो. तिथे ते चालतं, कारण ती हवा वरूनच घेतलेली असते. सिलिंडरची हवा मात्र आपण खाली, दाबाखाली घेतो. श्वास रोखून वर आलात तर फुफ्फुस फाटून जीवावर बेतू शकतं, अगदी उथळ पाण्यातही. त्यामुळे पाण्याखाली श्वास कधीच रोखू नका.

पाण्यात उतरण्याआधी हे बघा

• सिलिंडर उघडला आहे ना, पट्टे घट्ट आहेत ना?
• दोन्ही बटणं दाबून दाखवायला सांगा. हवा गळत असेल तर जॅकेट बदलून मागा.
• अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर जायचंय'! 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा.
• दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं किंवा सर्दी असेल तर लपवू नका. दारू पिऊन तर उतरूच नका.

पहिल्यांदा जाणाऱ्याची बटणं प्रशिक्षकच सांभाळतो. त्याने शिकवल्याशिवाय त्यांना हात लावू नका आणि त्याला सोडून लांब जाऊ नका. तुम्ही कितीही पट्टीचे पोहणारे असलात, तरी विहीर वेगळी आणि समुद्र वेगळा!